माग किती वेळा थांबवला

माझी आई म्हणते मी भांडखोर आहे. माझे गाईड मारुतीराव सर म्हणतात मी उतावीळ आहे. मी दोघांनाही उलट उत्तर देते, त्यामुळे दोघांचंही बरोबर असावं. पण या गोष्टीत माझी जी चूक आहे ती ना भांडखोरपणाची, ना उतावीळपणाची. ती तिसरीच आहे, आणि ती मला अजून कुणी तोंडावर सांगितलेली नाही, म्हणून मीच सांगते.

आधी काम काय होतं ते सांगायला हवं. गरोदरपणात काही बायकांचा रक्तदाब चढतो आणि गोष्ट बघता बघता हाताबाहेर जाते. झटके येतात, बाळ पोटातच दगावतं, कधी बाईही जाते. बहुतेक वेळा शरीर आधी सांगतं. डोकं ठणकतं, उजव्या बरगडीखाली दुखतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. अडचण अशी की गरोदर बाईला काही ना काही दुखतच असतं. त्यातलं कुठलं दुखणं गोळी देऊन शांत करायचं आणि कुठल्या दुखण्यासाठी तातडीनं गाडी बोलवायची, हे ओळखायची एखादी साधी रीत मी शोधत होते. बेळगावातल्या एका मेडिकल कॉलेजात माझी पीएच.डी. याच कामावर चालली होती.

रक्तदाब पंधरा दिवसांतून एकदा दवाखान्यात मोजला जायचा. मधल्या दिवसांत नोंदी घेणारी आमची बाई घरी जाऊन दुखणं विचारायची. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढं जास्त. सात किंवा त्याच्या वरचा आकडा आला की त्याच दिवशी बाईला दवाखान्यात आणायचं. प्रसूतीच्या वेळी कळा कमी करण्याचं औषध कुणाला आधी द्यायचं, हेही पुढे याच आकड्यावरून ठरवायचा आमचा विचार होता. थोडक्यात, आकड्यावर बायकांचे जीव अवलंबून होते. मी हे प्रत्येक भाषणात सांगायचे, आणि टाळ्याही घ्यायचे.

दोनशे बायका उचगाव आणि आसपासच्या शेतकरी घरांतल्या, दोनशे वडगाव-शहापूरच्या विणकर घरांतल्या. अडीच वर्षांनी आकडे जुळवले तर उचगावची सरासरी साडेपाच आली आणि विणकरांची दोन. मी तीनदा तपासून पाहिलं. माझं माहेर उचगावचं. आमच्याकडे बाईला दुखलं की ती अंगणात येऊन चार घरांना ऐकू जाईल असं सांगते. त्यामुळे साडेपाच मला पटलं, आणि दोनचं कौतुक वाटलं. सर तर खूशच झाले. दिवसभर मागाच्या खडखडाटात उभं राहून या बायकांचं दुखणं सोसायचं बळ वाढतं, अशी मांडणी त्यांनी केली, आणि मीही ती झोकात लिहून काढली. मार्चमध्ये प्रबंध द्यायचा होता. पुढच्या वर्षी हीच रीत निपाणीच्या विडी वळणाऱ्या बायकांकडे न्यायची, हेही ठरलं होतं.

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. झटके, मेलेली बाळं, तातडीची ऑपरेशनं दोन्हीकडे जवळजवळ सारखीच होती. दुखतं कमी आणि बिघडतं तेवढंच, हे कसं? हा प्रश्न मला पडला होता. मी त्याला प्रबंधात अर्धं पान दिलं आणि पुढे गेले.

विणकर घरांतल्या नोंदी जयाबाई घ्यायच्या. पन्नाशीच्या, वीस वर्षं वडगावात मागावर काढलेल्या. उजवा खांदा निकामी झाला तेव्हा त्यांनी माग सोडला आणि आमच्याकडे लागल्या. गल्लीतलं प्रत्येक घर त्यांना ठाऊक, आणि प्रत्येक घराला त्या ठाऊक. अडीच वर्षांत त्यांची एक नोंद चुकली नाही. मी त्यांना जयाआक्का म्हणते आणि त्या मला बाई म्हणतात, वयानं मी त्यांच्या मुलीएवढी असले तरी.

जानेवारीत जयाआक्का भाचीच्या लग्नाला चिकोडीला गेल्या. आठवडाभराच्या नोंदी घ्यायला मीच वडगावात गेले. पहिल्याच दिवशी सौम्याच्या घरी पोचले. वय बावीस, आठवा महिना, पहिलटकरीण. पुढच्या खोलीत दोन माग, मागच्या खोलीत संसार. एका मागावर ती स्वतः उभी होती, दुसरा नवऱ्याचा. तो सूत आणायला गेला होता. सासू आत सुताच्या कांड्या भरत बसली होती. मी ओरडून विचारलं, "शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?"

तिला ऐकू आलं नसावं असं वाटलं, म्हणून मी परत ओरडले. तिनं मागात धावणाऱ्या धोट्यावरची नजर न काढता दोन बोटं वर केली.

मी दोन लिहिलं. लिहून झाल्यावर, काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "म्हणजे थोडंसंच की."

"थोडंसं न्हवं मॅडम. दोन म्हंजे दोन. येकदा सकाळी आनि येकदा जेवनाच्या आधी."

"काय दोनदा?"

"माग बंद केलेला." तिला माझं नवल वाटलं असावं. "जयाक्का तसंच इचारत्यात की. दुखन्यापायी माग कितींदा बंद केलास म्हणून. धागा तुटला, लाईट गेली, ते मोजायचं न्हाय. नुस्तं दुखन्याचं."

मी तिला माग बंद करायला सांगितलं. ती आतल्या खोलीकडे बघून म्हणाली, "आता नगं. एवढा साडीचा पदर उतरू दे." मी स्वतः हात घालून बटण दाबलं. खोलीत शांतता झाली, आणि लगेच आतून सासूचा आवाज आला, "काय झालं गं?" माग थांबल्यापासून तो आवाज यायला पाच सेकंदही लागले नसतील.

मग मी नीट विचारलं. तीन दिवस डोकं फुटतंय, तिनं सांगितलं. कपाळाला फडकं आवळून बांधलं की जरा बरं वाटतं. उजवीकडं बरगडीखाली दुखतं, पण ते मागावर वाकून असेल. डोळ्यांपुढे कधी कधी जरीचे तुकडे उडाल्यासारखे दिसतात. हे सगळं ती हसत हसत सांगत होती. रक्तदाब घेतला तर एकशे चौऱ्याहत्तर आणि एकशे बारा.

रिक्षा बोलावली. सासू म्हणाली, "अवो, सकाळपासनं माग चालूच हाय की तिचा. चांगली हाय की." मी काय बोलले ते इथं लिहीत नाही, आई म्हणते ते खरंच आहे. सौम्याला झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शनं सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सिझेरियन करावं लागलं. मुलगी झाली, दीड किलोची. काचेच्या पेटीत ठेवावी लागली, पण दोघी वाचल्या.

त्या दुपारी विणकर घरांतल्या अजून बाळंत न झालेल्या अठ्ठावीस बायकांची यादी काढून मी दोन नर्सना बरोबर घेतलं आणि दोन दिवसांत सगळ्यांचे रक्तदाब घेतले. तिघींना दवाखान्यात आणावं लागलं. तिघींचेही आकडे दोनच्या आतले होते.

जयाआक्का परत आल्या तशा थेट माझ्या खोलीत आल्या, लग्नाचे लाडू घेऊन. मी डबा बाजूला सारला आणि जे काय बोलायचं ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. खुर्चीवर बसल्या, पदर सारखा केला.

"बाई, मी पयल्या म्हैन्यात तुमी सांगिटल्यावानीच इचारलं. शून्य ते धा. लई बायका म्हनाल्या, धा म्हंजे काय? मी म्हनलं, सगळ्यात जास्त. तर म्हंत्यात, सगळ्यात जास्त दुखलेली बाई बोलंल कशी? कोन म्हनं शून्य, कोन म्हनं तुमीच लिवा आक्का कायतरी. मी कायतरी लिवू? तुमीच म्हनलेलासा न्हवं, त्यांना कळंल असं इचारा म्हणून?"

मी म्हटलं होतं. प्रशिक्षणाच्या दिवशी, सगळ्यांसमोर. कागदावर जे छापलंय त्यातला अर्थ बदलू नका हेही म्हटलं होतं, पण ते इंग्रजीतल्या पत्रकात होतं.

"आमच्यात दुखनं असंच मोजत्यात," त्या म्हणाल्या. "मी वीस वर्सं हेच केलं. माग बंद पडला तर दुखलं. चालू हाय तर न्हाय दुखलं."

"आणि सासू कडक असली तर?"

जयाआक्का सावकाश म्हणाल्या, "तर माग चालूच ऱ्हातोय." त्यांच्या चेहऱ्यावरून ते त्यांच्याही तेव्हाच ध्यानात आलं असावं. माग थांबला की घरभर कळतं. आवाज नसला की सगळे विचारतात. त्यामुळे बाई दुखणं मोजत नव्हतीच, आपल्याला किती वेळा थांबता येतं ते मोजत होती. आमच्या दोनशे बायकांची सरासरी दोन आली होती ती त्याची. सोसायचं बळ वगैरे मी जे झोकात लिहिलं होतं, त्याची मला लाज वाटली.

सरांना सांगितलं. सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी डोळे मिटून थोडा विचार केला आणि म्हणाले, "रकान्याचं नाव बदल. 'दुखण्यामुळे कामात आलेला खंड' असं कर. अभ्यासाच्या मर्यादा लिहितो तिथं दोन ओळी टाक. मार्च चुकवायची गरज नाही."

"आणि साडेपाच विरुद्ध दोन?"

"ते काढून टाक. बाकी उरतंय ते पुरेसं आहे."

चुकीचं काही सांगत नव्हते ते. असं बरेच करतात. मला मोह झाला हे कबूल करते, चांगला दोन दिवस झाला. घरी आई विचारायची, कधी होणार गं तुझं? आणि मी मार्च म्हणायचे.

नाव बदलायचं तरी आधी मूळ वह्या बघायला हव्यात, म्हणून मी त्या काढल्या. जयाआक्का संगणकावर भरत नसत. त्या वहीत लिहायच्या, मी तपासून आकडा संगणकात भरायचे. विणकर घरांतल्या ज्या बायकांचं बिघडलं त्या अकरा जणी. अकराही जणींपुढे माझ्या अहवालात एकच शेरा होता, 'पूर्वसूचना नाही'. मी एकेकीचं पान काढत गेले.

सातवं पान स्वरूपाचं होतं. शहापूरची, पंचवीस वर्षांची. मागच्या वर्षी सोमवारी नोंद झाली आणि गुरुवारी घरीच झटके आले. ती वाचली, बाळ पोटातच गेलं. मुलगा होता. मला ती चांगली आठवत होती, कारण शुद्धीवर आल्यावर तिनं मला विचारलं होतं, "मला कळायला पायजे हुतं का?" आणि मी तिचा हात धरून म्हटलं होतं, "नाही गं. काही लक्षणच नव्हतं. आम्ही दर आठवड्याला विचारत होतो ना."

तिच्या पानावर आकडा होता एक. आणि शेवटच्या रकान्यात, जिथं 'इतर' असं छापलं होतं, तिथं जयाआक्कांच्या गोल अक्षरात दोन शब्द होते, 'डोक्यास फडके'. त्याच्या शेजारी निळ्या शाईत बरोबरची खूण. ती खूण माझी. नोंद वाचली, तपासली, अशी. संगणकात 'इतर'साठी जागा नव्हती, म्हणून मी आकडा भरला आणि पान उलटलं.

मी वही मिटली. प्रश्न बदलला तो जयाआक्कांनी. ते मला माहीत नव्हतं. पण हे माझ्या डोळ्यांखालून गेलं होतं. आठव्या महिन्यात डोक्याला फडकं बांधून बसलेली बाई म्हणजे काय, हे वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाचं पोरही सांगेल, आणि मी तर त्याच गोष्टीवर पीएच.डी. करत होते.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या संशोधन समितीला पत्र लिहिलं. विणकर घरांच्या सगळ्या नोंदी अभ्यासातून काढून घेते आहे, प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं विचारला गेला, नव्यानं काम करावं लागेल, दोन वर्षं लागतील. सरांनी ते वाचलं, सुस्कारा टाकला आणि सही केली. पत्र अजून गेलंही नव्हतं तोवर सगळे म्हणाले, प्रामाणिकपणा बघा. माझ्या निळ्या खुणेबद्दल पत्रात एक अक्षर नव्हतं. ते घालायचं की नाही ते माझं ठरत नव्हतं, आणि ज्या बाईला मी हात धरून खोटं सांगितलं तिला आधी सांगितल्याशिवाय ते ठरणारही नव्हतं.

शहापूरला जाताना जयाआक्का बरोबर आल्या. मी एकटी जाते म्हटलं तर ऐकेनात. "इचारलं मी न्हवं? मग तोंड बी मीच दाखवनार," म्हणाल्या.

स्वरूपाच्या घरी दुपारची लाईट गेली होती, त्यामुळे माग बंदच होते आणि सगळे बाहेरच्या खोलीत होते. स्वरूपा अंगानं जरा भरली होती, पण चेहरा तसाच होता. तिची सासू दुर्गाबाई शेंगा सोलत होत्या. आम्हाला बघून त्यांनी चटई अंथरली.

जयाआक्कांनी पहिल्यांदा सांगितलं. स्वतःचं काही न झाकता, प्रश्न कसा बदलला, का बदलला, त्यातनं काय झालं. "तुजा आकडा येक आलेला बग. त्यो मी मागाचा लिवलेला. दुखन्याचा लिवला असता तर तुला त्याच दिशी न्हेलं असतं." बोलता बोलता त्यांनी डोळे पुसले.

स्वरूपानं मान खाली घालून ऐकलं. मग वर बघून एवढंच म्हणाली, "म्हंजे दुखत हुतं."

"व्हय तर," जयाआक्का म्हणाल्या.

"न्हाय, मला वाटाय लागलेलं, मीच आता मागनं कायतरी जुळवायलोय. डॉक्टरनी म्हनलं लक्षन न्हाय. ह्यांनी म्हनलं, दुखत हुतं तर बोलली का न्हाईस. वरीस झालं, मला कळंना झालं खरंच डोकं दुखत हुतं का मला तसं वाटतंय." ती सासूकडे वळली. "ऐकलासा न्हवं, आत्या? दुखतच हुतं."

दुर्गाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. बोलतील असं मला वाटलं नव्हतं.

"मला ठावं हुतं गं," त्या म्हणाल्या. "फडकं बांधलेलं दिसत हुतं की. चार दीस बांधलेलंस. म्हनलं, माग तर चालू हाय. मी बी तसंच काडलेलं, दोन्ही पोरांच्या येळंला. म्हनलं, व्हतंय बायकांचं असं." त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

इथं मी गप्प बसू शकले असते. प्रश्न विचारणारीनं कबूल केलं होतं, बघणारीनंही कबूल केलं होतं. त्या दोघी रडत होत्या आणि मी चांगल्या कपड्यांत, पत्र लिहिलेली, प्रामाणिक म्हणून नावाजलेली बाई होते.

"स्वरूपा," मी म्हटलं, "ते फडकं जयाआक्कांनी वहीत लिहिलं होतं. ती वही माझ्याकडे आली होती. मी ते वाचलं होतं."

तिला लगेच समजलं नाही. "कवा?"

"मंगळवारी. तुला त्रास झाला त्याच्या दोन दिवस आधी. वाचलं, खूण केली आणि पान उलटलं. नंतर तुला येऊन सांगितलं, काही लक्षण नव्हतं म्हणून. तेव्हा मला आठवलंही नाही की मी वाचलंय. आठवायला हवं होतं."

जयाआक्कांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनाही हे माहीत नव्हतं.

"तुमाला ठावं हुतं त्याचा अर्थ काय हुतो त्ये?" स्वरूपानं विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"हो. आपल्या सगळ्यांत फक्त मलाच ठाऊक होतं."

आत लाईट आली, आणि कुठल्यातरी घरातला माग सुरू झाला, मग दुसरा, मग सगळ्या गल्लीतले. या घरातले माग मात्र कुणी उठून चालू केले नाहीत. दुर्गाबाई सवयीनं उठल्या आणि म्हणाल्या, "च्या टाकते, बसा."

"नगं आत्या," स्वरूपा म्हणाली. "जयाक्काला टाका. ह्येनला नगं."

मी उठले. जयाआक्काही उठू लागल्या तर मी त्यांना बसा म्हटलं. चपला घालून मी एकटीच बाहेर आले आणि गल्लीच्या तोंडाशी उभी राहून पत्रात घालायचं निळ्या खुणेचं वाक्य फोनवर लिहिलं. वाक्य लहान होतं, पण तीनदा खोडावं लागलं, कारण प्रत्येक वेळी ते 'नोंदीकडे दुर्लक्ष झालं' असं व्हायचं आणि त्यात मी कुठंच येत नव्हते.